पहिला नंबर बोर्डाचा

आमच्या कडक भाकरीच्या बचत गटात काय झालं, ऐका. गटात आधी काय सुधारायचं ते ठरवायला जुळे सोलापूरच्या ऑफिसातून एक मॅडम आल्या. सूचना दोनच होत्या. चुलीवर धुराडं बसवायचं, ही बायकांची. आणि दारावर नावाचा बोर्ड लावायचा, ही अध्यक्ष सुमनवहिनींची. यंदा एकच काम होणार होतं. मॅडमनी चिठ्ठ्या वाटल्या. "नाव घालू नका. ज्याची जास्त गरज, तेच लिहा."

चुलीपुढं बसणारी महादेवी खोकत खोकत आमच्या कानाशी लागली, "बोर्डच लिवा ओ. वहिनीस्नी वाईट वाटंल की." आम्हाला ते पटलं.

चिठ्ठ्या उघडल्या. धुराड्याला फक्त एक मत, बाकी सगळी बोर्डाला. मॅडम खूश. "किती एकजूट आहे तुमच्यात!"

आम्ही सगळ्या महादेवीकडं बघायला लागलो. ती म्हणाली, "माझं न्हाय, देवाशपथ!"

"माझं हाय," सुमनवहिनी हळूच म्हणाल्या. "बोर्डाचं मी आपलं सहज बोलले होते. तुमी सगळ्या धुराडंच लिवणार, म्हणून निवांत होते की."

बोर्ड लागला. महादेवी रोज डोळे पुसत म्हणते, "लई झ्याक दिसतोय की, वहिनी."