उलटा बसवलेला एसी

सन्माननीय अध्यक्ष विनीताताई, सत्कारमूर्ती रेणुकादास सर, नांदेड-देगलूरहून आलेले त्यांचे विद्यार्थी आणि जेवणाच्या वासानं चुळबुळू लागलेल्या सभाजनहो! मला दोन शब्द बोलायला उभं केलंय. सरांचा मी प्राचार्य होतो. प्राचार्य दोन शब्दांत कधी थांबलाय का?

हल्ली हीट पंपाची, म्हणजे बाहेरची उष्णता आत ओढणाऱ्या यंत्राची, चर्चा असते. लातूरनं तो त्र्याण्णवच्या डिसेंबरातच पाहिला आणि पोटभर हसून घेतलं. भूकंपाला तीन महिने होत आले होते. बारावीतली तनुजा किल्लारीची. आई ढिगाऱ्याखाली गेलेली. "स्लॅबखाली बसणार न्हाई मी," एवढंच म्हणायची. कॉलेजच्या मैदानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची, तिथंच अभ्यास. पहाटे बोटं आखडायची, पेन धरवेना. सगळं गाव शिकवण्यांमागं पळत होतं आणि ही हुशार पोर परीक्षा सोडून निघाली होती.

तेव्हा एसी माणसांसाठी कुठं होता? आमच्या कॉम्प्युटरसाठी एक होता. सरांनी तो मला न विचारता काढला आणि शेडला बसवला, तोही उलटा! तोंड मैदानाकडे, पाठ पोरीकडे.

मी ओरडलो, "भौतिकशास्त्र शिकवता की थट्टा करायलात?"

"साहेब, विहिरीवरची मोटार पाणी बनवती का? उचलून आणती. हे मशीनबी उष्णता उचलतंय. उन्हाळ्यात आतली बाहेर, आता बाहेरची आत."

"बाहेर दात वाजायलेत, तिथं कुठली उष्णता?"

"हवा बर्फापेक्षा गरम हाय ना? मग हाय की. विजेची शेगडी खाईल तेवढीच ऊब देती. हे दुप्पट-तिप्पट आणून देतंय."

मी झोतापुढं हात धरला. हात शेकून निघाला! तरी मेमो दिलाच. प्राचार्य ना मी. परीक्षेच्या तोंडावर पत्रा तापला, तसा सरांनी तोच एसी सुलटा केला.

परीक्षा केंद्र मात्र स्लॅबचं. पहिल्या दिवशी तनुजा फाटकातच थबकली. सर व्हरांड्यात, त्याच स्लॅबखाली, खुर्ची टाकून बसले. "पेपर होईस्तोवर मी हितंच हाय," म्हणाले. पोरगी आत गेली. तीन तास तिनं लिहिलं आणि तीन तास सर हलले नाहीत. पुढं नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकून ती इंजिनीअर झाली.

त्या पहिल्या पेपरच्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. अंगणात खाट, वर मच्छरदाणी. वहिनी म्हणाल्या, "भूकंपापासून हे एक दिवस घरात निजले न्हाईत. स्लॅबखाली पाऊल ठेवलं की थरथरतात. कॉलेजात कसा दम धरतात, त्यांनाच ठाऊक."

संयोजकांनी म्हाताऱ्याला बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही राहिलं-चुकलं असेल तर सभेनं पोटात घालावं. आणि सर, इतकी वर्षं सोबत राहून मी तुम्हाला त्या संध्याकाळपर्यंत ओळखलं नव्हतं, त्याची माफी तुमच्याकडे वेगळी मागतो.