मीठ सोडलेला आचारी

आचारी: आजही निम्मी डाळ परत आली. भांडी घासणारी मावशी म्हणाली, आचारी, एवढी ओतायची तरी कुठं?

बायको: आधी बसा. चपला तरी काढा.

आचारी: मॅनेजरनं वर बोलावलं होतं.

बायको: अगंबाई. काय म्हणाला?

आचारी: म्हणाला, कॅन्टीनमध्ये उभी हयात गेली तुझी, कधी तक्रार नाही, आणि आता कामगार घरून मिठाच्या पुड्या बांधून आणतात. खाल्ल्या मिठाला तरी जाग. म्हटलं, साहेब, मीठच सोडलंय.

बायको: असं म्हणालात?

आचारी: मनात.

बायको: वाटलंच.

आचारी: हसू नकोस. उद्याची डाळ जमली नाही तर दुसरा माणूस बघतो म्हणाला.

बायको: पण तुम्ही चव बघत नाही का हो?

आचारी: बघतो की. चाखतो आणि थुंकून टाकतो, म्हणजे उपासही मोडत नाही. पण जीभच पार बदलली. बिनमिठाचं खाऊन खाऊन आता नखभर मीठ पडलं तरी खारट लागतं. मग हात आखडतो. मला खारट, लोकांना अळणी.

बायको: मग मोजून घाला.

आचारी: जन्मात कधी मोजलंय मी? मुठीचा अंदाज. तो अंदाज हातात नव्हता, जिभेवर होता, हे आत्ता कळतंय.

बायको: वाढू?

आचारी: काय केलंयस?

बायको: उकडलेली डाळ आणि उकडलेला भोपळा.

आचारी: कालही तेच होतं.

बायको: काल आधी भोपळा वाढला होता.

आचारी: बरं, बरं. तुझा चेहरा का उतरलाय?

बायको: काही नाही. लॉन्ड्रीत दुपारी चादरींना इस्त्री करताना अंधारी आली. त्या वाफेत उभं राहवत नाही हल्ली. बाकीच्या बायकांनी बाकावर बसवलं.

आचारी: आणि हे आत्ता सांगतेस? साखर घालून चहा घे आधी. प्रभू काही कपात डोकावून बघत नाही.

बायको: पाळकसाहेबांसमोर शब्द दिलाय. ईस्टरच्या रविवारपर्यंत साधं खायचं आणि पोरीसाठी प्रार्थना करायची. मी दिलाय, तुम्ही नाही. तुम्ही घ्या मीठ उद्यापासून. नोकरी गेली तर खाणार काय?

आचारी: तू एकटी हे गिळणार आणि मी समोर बसून चमचमीत खाणार? नाही जमायचं. आणि पोर काय तुझी एकटीची आहे?

बायको: मग एक विचारू? रागावू नका. प्रार्थनेत तुम्ही नेमकं काय मागता?

आचारी: काय मागणार? देवा, तिला सुबुद्धी दे. घरी येऊ दे.

बायको: मी ते मागतच नाही.

आचारी: मग?

बायको: तुम्ही तिला फोन करावा, एवढंच मागते.

आचारी: म्हणजे हा सगळा उपास माझ्यासाठी?

बायको: तुमच्यासाठीच. पोर येईल हो, बोलावलं तर. हाकललेलं माणूस आपणहून कसं येणार?

आचारी: मी हाकललं नाही. ठरलेलं लग्न तिनं मोडलं. चर्चच्या अख्ख्या मंडळीसमोर माझी मान खाली गेली.

बायको: तिला नव्हता पसंत तो मुलगा. तुम्ही म्हणालात, या घरात तुझं ताट वाढलं जाणार नाही. आचारी असून म्हणालात. रोज कारखाना जेवू घालता, परक्यांना आग्रह करकरून वाढता.

आचारी: बास.

बायको: मीठ सोडलंत, तेल सोडलंत, चहा सोडलात. माझी तक्रार नाही. हट्ट तेवढा बरणीत भरून ठेवलात.

आचारी: दमलोय गं मी.

बायको: मी पण.

आचारी: काय बोलू तिच्याशी? चुकलं म्हणायला तोंड उघडत नाही.

बायको: मग दुसरं काहीतरी बोला.

आचारी: आठवतं तुला? एवढीशी होती. कॅन्टीनमध्ये बादली उपडी घालून तिच्यावर चढायची. मी पळी पुढं केली की चाटून सांगायची, बाबा, अजून चिमूटभर. कधी चुकली नाही.

बायको: तुमच्यावरच गेलीय. चवीलाही आणि हट्टालाही.

आचारी: तूच लाव फोन. माझे हात खरकटे आहेत.

बायको: अजून घाससुद्धा घेतला नाहीत तुम्ही. धरा, वाजतोय.

*(पलीकडून फोन उचलला जातो.)*

मुलगी: बोल आई. जेवलीस का?

आचारी: मी आहे.

मुलगी: बाबा? आई बरी आहे ना?

आचारी: बरी आहे. समोरच बसलीय, डोळे मिटून.

मुलगी: मग काय झालं?

आचारी: कॅन्टीनची डाळ बिघडतेय रोज. मिठाचा अंदाजच येईना. उद्या नाही जमली तर काढून टाकतील.

मुलगी: इतक्या दिवसांनी फोन केलात, तो मिठासाठी?

आचारी: हो. नाही गं. ते ताटाचं बोललो होतो ना मी, ते बोलायला नको होतं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. मीठ तर नंतर सोडलं.

मुलगी: बाबा, रडताय का?

आचारी: उद्या डाळ उतरवायच्या आधी येशील चाखायला? आणि मग संध्याकाळी घरी ये. ताट वाढून ठेवतो. सध्या अळणीच आहे सगळं.

मुलगी: चालेल मला.

आचारी: बादली आहे अजून तिथं. जुनीच.

मुलगी: आता नाही लागायची बादली. पोचतो हात माझा.