बसऱ्याच्या पाण्यातला किडा

न्हाय पाव्हणं, मी कुटं काय म्हनले? पोरात खोट हाय असं माज्या तोंडातनं आलं का? तुमी इचारलं, जोतीराम कसा हाय — मी गप बसले, एवढंच. बाईमानूस गप बसलं तर त्यात काय वंगाळ? — खाली बघितलं म्हनता? बघितलं असंल. आदीच्या पाव्हण्यांनी न्हाय असं खोदून इचारलं, च्या पिऊन गुमान गेली. तुमीच एकटं की उठंना झालात. माळशिरसची मान्सं लई चिवट बगा. — बरं, बसा. पोराच्या खोटीचं पुसताय न्हवं? मग आदी माज्या ज्ञानबाचं ऐका.

आमी तिगं भावंडं. थोरला हरिबा, म्हंजी ह्या जोतीरामचा बाप, एकुलतं एक पोर त्याचं, ज्याच्या घरी तुमी लेक देताय तो. मधली मी मुक्ता — कपाळ लवकर पांढरं झालं, तवा हितं सोलापुरात गिरणीत लागले, तवापासनं भवानी पेठंतली हीच खोली. आन् धाकटा ज्ञानबा. मोठी लढाई लागली तवा ज्ञानबा पलटणीत गेला, खेचरं हाकायला. बसऱ्याला, तिकडं इराकात. तितलं ऊन म्हंजी तव्यावर उबं केल्यागत, असं सांगायचा. सांजच्याला खेचरं कालव्यावर पाजायची आन् मान्सं बी कमरंइतक्या पाण्यात तशीच उतरायची, जीव गार करायला. मग थोड्या महिन्यांनी त्याला लघवीतनं रगत जाया लागलं. लाज वाटती सांगायला, पर आता तोंड उगडलंच हाय तर ऐका. त्याच्या तांड्यातल्या निम्म्या गड्यांना तसंच हुतं. तितं कुनी लाजत नव्हतं की, बसऱ्याचं पानी लागलं म्हनायची आन् कामाला जायाची. लढाई सपवून आला त्याच दिशी ज्ञानबानं हे हरिबाला सांगितलं, चुलीम्होरं बसून, माज्या देखत. म्हंजी हरिबाला ठावं हुतं. कुनी म्हनंल तो अडाणी, त्याला काय कळतंय — न्हाय. त्याला ठावं हुतं.

ज्ञानबाचं लगीन ठरलं, मंगळवेढ्याची पोरगी, सुपारी फुटली. पोरीच्या बापाच्या कानावर ह्या रगताचं काय तरी गेलं, तवा तो हरिबाला इचाराया आला. आमी म्हनलं, चला, थोरला भाऊ हाय, सांगंल नीट. तर हरिबानं काय सांगावं? "भाऊ हाय माजा, मी माज्या तोंडानं काय बोलू? परमुलखात लई दीस एकटा हुता. तुमी शाणं हाय." बस. एक सबुद वंगाळ न्हाय बगा त्यात — कुनाला पकडाया घावायचा न्हाय. पर मंगळवेढ्याचा बाप घरी गेला तो गरमी झालीया म्हनत. परक्या बायांकडनं रोग आनलाय म्हनत. पोरगी दुसरीकडं दिली. आन् हरिबा काय करतोय? भावाची लई काळजी असल्यागत भर बाजारात वैदूला मोठ्यानं म्हनतोय, गरमीवर चांगलं औशीद दे. पाऱ्याच्या गोळ्या त्या. ज्ञानबाचं दात हलाया लागलं, हिरड्या सडल्या, रगत काय थांबलं न्हाय. — का केलं म्हंजी? तुमी सांगोल्याला जाऊन रान बगून आलात न्हवं? हिरीखालचं काळं रान, आवडलं असंल तुमाला. त्यातलं निम्मं ज्ञानबाचं. ज्याला बायकू न्हाय, लेकरू न्हाय, त्याचं रान कुटं जातंय? तुमीच सांगा.

मग ज्ञानबा हितं माज्याजवळ आला. गिरणीच्या फाटकावर राखणीला ऱ्हायला. पर बोलनं त्याच्या मागनं आलंच की. न्हावी दाढीला हात लावंना. भजनात बसला की शेजारचा सरकून बसायचा. पुना कुनी पोरगी देतंय व्हय? वर्सं अशीच गेली — रगत कदी जायाचं, कदी थांबायचं, मग पुना जायाचं. मी म्हनायची, चल दवाखान्यात. तर दवाखान्याच्या दारापतूर जायाचा, उबं ऱ्हायचा आन् माघारी यायचा. एक डाव म्हनला, "मुक्ते, डाक्तर बी तेच म्हनला तर?" सोताचं सोताला ठावं असून बी, पाव्हणं. मान्सं इतकी वर्सं तोंडावर थुकत असली म्हंजी मानूस सोताला बी इचाराया लागतंय.

मग लघवी पार तटली, रातंदीस वराडायचा. तवा कुनी न्हेला त्याला? ह्याच जोतीरामनं. बाप नगं म्हनत हुता, घरान्याचं नाव जाईल म्हनत हुता, तरी पोरगं सांगोल्यासनं आलं, चुलत्याला पाठीवर घेऊन जिना उतरलं, टांग्यात घातलं. अठराचं असंल तवा. डाक्तर सोता बसऱ्याला ऱ्हाऊन आल्याला. त्यानं लघवी बाटलीत घेतली, भिंगाच्या नळीतनं लई येळ बघितलं, आन् आमाला बी दावलं — मला काय धड दिसलं न्हाय, पर जोतीराम म्हनला, आत्या, अंडं हाय, टोकाला काटा हाय. डाक्तरनं सांगितलं, कालव्यातल्या गोगलगाईतनं हा किडा पाण्यात येतो, अंगाच्या कातडीतनं आत शिरतो आन् मूत्राशयापाशी घर करतो. वर्सानुवर्सं अंडी घालतो. ती अंडी आतल्या मासात रुतत्यात, जखम हुती, भरती, पुना हुती. अशा रोज सोलल्या मासात कवा कवा कर्करोग उठतो. समद्यांना हुतो असं न्हाय म्हनला. ज्ञानबाला झाला. दहा वर्सं आदी आला असता तर किडा मारायच्या सुया हुत्या — आता गाठ पसरलीया. आन् मग मला म्हनला, "बाई, ह्या माणसानं काही वाईट केलेलं नाही. पाण्यात उतरला, एवढंच."

ज्ञानबा लेकरागत रडला. मराया टेकलाय ह्याचं न्हाय, पाव्हणं, त्याचं न्हाय. म्हनला, डाक्तरसाब, हे आमच्या पेठंत येऊन एकदा बोलशीला का? डाक्तरानं त्याच्या डोईवर हात ठिवला. डाक्तर काय गल्लीगल्लीत जातोय व्हय.

ज्ञानबाच्या दहाव्याला समदं भावकीतलं गोळा झालं तवा मी उठले, किड्याचं समदं सांगितलं. हरिबा काय म्हनला? "मेल्याली गोस्ट कशापायी उकरतीस?" आन् लोकं जेवाय बसली. त्या दिशी मी ठरवलं. ह्यानं जसं केलं तसंच करायचं, एक सबुद वंगाळ बोलायचं न्हाय. जोतीरामला सांगून येत्यात, आत्या म्हनून मला इचारत्यात, मी गप. तीन सोयरिकी मोडल्या. हरिबा देवऋषी करतोय, पोराला कुनाची नजर लागली म्हनतोय. मला ऐकू आलं तवा त्या दिवशी मी पोटभर जेवले. व्हय, जेवले. त्याच्या दारात बी लेकरू रांगायचं न्हाय, त्याचं रान बी भावकी वाटून घेईल, तवा मला —

काय म्हनलात? घरान्यात रोग हाय का? — अवो, काय ऐकलंत मग इतका येळ? किडा तितल्या पाण्यातला, ह्या घरातला न्हाय. एकाचा दुसऱ्याला लागत न्हाय, बापाचा लेकाला येत न्हाय. जोतीरामला काय धाड भरलीया? लोखंडागत पोरगं. सुपारी खात न्हाय. सुट्टी घावली की सांगोल्यासनं येतंय, माजं पानी भरतंय, चुलत्याचं हातरूण त्यानं धुतलंया शेवटाला, नाक न मुरडता, जिथं सख्खा भाऊ उंबऱ्याच्या आत —

हसताय कशाला? — मी काय सांगितलं न्हाय. मी पोराचं काय चांगलं बोलले न्हाय, ध्यानात ठिवा. हरिबाला जाऊन सांगा, मुक्ता गपच हुती. त्यानं आदी हितं यावं, पेठंच्या चौकात उबं ऱ्हावं आन् समद्यांम्होरं म्हनावं की माज्या भावाला किडा झाला हुता, पाप न्हाय. तवर माजी जीभ — सांगा त्याला. न्हाय येनार तो. मला ठावं हाय. मरंल पर येनार न्हाय.

थांबा. जिना वाजतोय.

आलास व्हय रं, जोतीराम? — हे? हे कुनी न्हाय. वाट चुकल्यालं पाव्हणं हायत, ठेशनाकडं कुटनं जायाचं पुसत हुते. त्यांची पिशवी घे आन् सोड जा त्यास्नी. चौकापतूर नगं, ठेशनापतूर जा. — जावा पाव्हणं, जावा आता. मला भाकरी थापायच्यात.