शाडूचा गणपती आणि द्वारकाबाईंचं उटणं

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा! आपल्याला जे मानवलं, ते दुसऱ्याच्या अंगाला चोळ चोळ चोळायचं — याला माया म्हणायचं, की आडमुठेपणा? काय हो बापूराव? माया? बरं! मग ऐका.

कऱ्हाडला सोमवार पेठेत द्वारकाबाई राहायच्या. हाताला उरक, जिभेला धार, आणि कातडी? तेलकट! अहो, सकाळी तोंड धुवावं आणि दहाच्या ठोक्याला कपाळावर पुन्हा तवंग! — आमच्या पेटीवाल्यांकडे बघू नका, ते लाजतात. — तर बाईंनी स्वतःपुरता उपाय शोधला. मुलतानी माती, डाळीचं पीठ, वर अर्धं लिंबू. आणि घासायचं! चाळीस वर्षं घासलं. त्यांना मानवलंही, खोटं कशाला बोला? "काय लावता हो?" असं कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, बाई डबा घेऊन हजर!

त्या घरात सून आली. केतकी. गुणाची पोर, पण कातडी कोरडी आणि पातळ. थंडीत मोकळेपणी हसली तरी ओठ फुटायचे. ती काय करायची? सौम्य साबणाने, कोमट पाण्याने तोंड धुवायची, टिपायची — खसाखसा पुसायची नाही हं, टिपायची! — आणि चेहरा ओलसर असतानाच क्रीम लावायची. द्वारकाबाईंना ते बघवेना.

"हे काय गं लोणी थापतेस? मळ आत राहतो! बस इथं."

"आई, माझी स्किन कोरडी आहे. मला लिंबू सोसत नाही."

"न सोसायला काय झालं? मला चाळीस वर्षं सोसतंय!"

घ्या! यांची चप्पल यांना बसते, म्हणून सगळ्या पेठेने तीच घालायची!

त्यात गौरीजेवणाला केतकीच्या माहेरची माणसं येणार होती. त्यांनी लेकीचा चेहरा बघून म्हणावं, "सासर मानवलं हो पोरीला!" बाईंचा सगळा जीव तेवढ्यात अडकलेला. म्हणून रोज उटणं! पहिल्या दिवशी चुरचुरलं. "लागतंय ना? म्हणजे गुण येतोय!" तिसऱ्या दिवशी गाल लाल. "बघ, तेज आलं!" सहाव्या दिवशी पापुद्रे सुटले. "जुनी कातडी जातेय!" आता सांगा, अशा माणसाला परमेश्वराने तरी काय समजवावं?

आठव्या दिवशी केतकी डॉक्टरांकडे जाऊन आली. चेहरा भाजल्यासारखा. भांडली नाही हो ती! शांतपणे म्हणाली, "गौरी जेवल्या, की मी बाबांबरोबर जाते. परत कधी येईन, ते विचारू नका."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. पण चूक कबूल करतील तर शपथ! "आजकालच्या पोरींना काही सोसतच नाही," म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन एकट्याच रडल्या.

उजाडली चतुर्थी. देव उजळावेत ते द्वारकाबाईंनीच! बाळकृष्ण पितळेचा — त्याला चिंच. अन्नपूर्णा चांदीची — तिला चिमूटभर भस्म आणि मऊ फडकं. शाळीग्रामाला नुसतं पाणी. याचं त्याला नाही, त्याचं याला नाही! मग पाटावर शाडूचा गणपती बसला. बाईंचा मुलगा, म्हणजे केतकीचा नवरा, पहिल्यांदाच पूजेला, शेजारी केतकी. गुरुजींनी स्नानाचा मंत्र म्हटला, आणि या पठ्ठ्याने काय करावं? भरलेला तांब्या उचलून थेट मूर्तीवर धरला!

"अरे अरे अरे!" बाई किंचाळल्या. "शाडूचा आहे तो! विरघळेल! फुलाने थेंबभर शिंपड, तेवढं पुरे त्याला!"

आणि केतकी, खाली मान घालून बसलेली केतकी, वर बघून म्हणाली, "आई, सगळ्या देवांची कातडी तुम्हाला कळते. माझी का नाही हो कळली?"

मुलगा तांब्या धरून तसाच. द्वारकाबाईंनी देवांकडे बघितलं, मग सुनेच्या गालांकडे. चिंच कधी शाळीग्रामाला लावली नव्हती त्यांनी, आणि लिंबू मात्र या पोरीच्या गालाला आठ दिवस चोळलं होतं! बाई उठल्या. डॉक्टरांनी दिलेलं मलम घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चुकलं माझं, पोरी. किती लावायचं, तू सांग. मी घासणार नाही."

केतकी हसली. गाल ताणले गेले, चुरचुरलं, तरी हसली.

गौरीजेवणाला वडील आले. लेकीचे गाल बघून त्यांचा घास हातातच राहिला. कुणी काही विचारायच्या आत द्वारकाबाई बोलल्या, "ती माझ्या हाताची करणी आहे. तिच्या कातडीचा दोष नाही." संध्याकाळी केतकी वडिलांबरोबर निघाली — एसटी स्टँडपर्यंत! त्यांना गाडीत बसवलं आणि घरी परत आली.

हसताय? हसा! पण घरोघरी उटण्याचे डबे आहेत, मंडळी. "मी पहाटे चारला उठायचो, तूही ऊठ!" "मी इंजिनिअर झालो, तूही हो!" समोरचा पितळेचा आहे की शाडूचा, बघितलंय कुणी? पोर सोलून निघते, आणि आपण म्हणतो, तेज आलं!

तेव्हा बापूराव, देवापुढे हात जोडायचेत ना? मग हातातला तो डबा आधी खाली ठेवा. ठेवलात? आता घ्या टाळ!