पॅक वाळेपर्यंत बोलायचं नाही

— नाही नाही मॅडम, तुम्ही काही बोलू नका. ओठ हलले की पॅकला भेगा पडतात, मग चेहरा उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा दिसतो. मान हलवा फक्त. बोलायचं काम माझं. तर काय सांगत होते? हां, आमच्या ह्यांचं ट्रेनिंग. आमचे हे — दत्तात्रय — सुताच्या मिलमध्ये सुपरवायझर. तिथे मशीनांचा एवढा धडधडाट, की शेजारच्याला 'चहा घेणार का' विचारायचं तरी बोंब मारावी लागते. आणि तोच आवाज घरी आणायचे. 'कावेरी, मीठ!' म्हणाले की खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन मीठ घेऊन वर यायच्या. हसू नका हो, भेग पडेल! खरंच आल्या होत्या एकदा, वाटी घेऊन.

मग मिलमधल्या कुणीतरी वर तक्रार केली, की साहेब फार ओरडतात. मॅनेजरनी ह्यांना पाठवलं खानवेलला, रिसॉर्टमध्ये. पुण्याची कोणी बाई आली होती, माणसांशी नीट कसं बोलायचं ते शिकवायला. मी म्हटलं, जा हो, निदान जेवण तरी चांगलं मिळेल. तर हे परत आले ते — कसं सांगू — मऊ होऊन आले! पाण्यात घातलेल्या पोह्यांसारखे. रात्री जेवायला बसले, एक घास घेतला, माझ्याकडे बघून म्हणाले, 'कावेरी, भाकरी किती सुंदर झालीये. मला असं जाणवतंय, की भाजीत मीठ थोडं कमी आहे. याबद्दल तुझ्या भावना काय आहेत?' माझ्या हातातला कलथाच पडला. मिठाबद्दल कसल्या भावना? मी गुपचूप कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. मग दुसरी शंका आली. तुम्हाला पण तीच आली ना? हो, म्हणजे माणूस एवढा गोड का वागेल! शर्टाचा वास घेतला मी. ग्रीसचाच होता.

त्या बाईने म्हणे तीन गोष्टी सांगितल्या. आधी समोरच्याचं कौतुक करायचं, मग तो जे बोलला ते आपल्या तोंडाने परत म्हणायचं, आणि त्यानंतर आपलं सांगायचं. माझ्या आईचा नाशिकहून फोन आला, 'जावईबापू, गुडघा फार दुखतोय.' हे म्हणाले, 'म्हणजे आई, तुमचा गुडघा दुखतोय, मी बरोबर समजलो ना?' आई म्हणाली, 'हो.' हे म्हणाले, 'म्हणजे हो.' आईने फोन ठेवला आणि माझ्या भावाला सांगितलं, की दत्ताला ऐकू येईनासं झालंय, मशीनचा त्रास असेल.

इथवर ठीक होतं. पण मिलमध्ये मशीनवर वाळू नावाचा एक कामगार आहे, रांधा गावचा. तो मागच्या आठवड्यात धावत आला, 'साहेब, पट्टो बळे छे!' — पट्टा जळतोय. आता पट्टा जळतोय म्हटल्यावर माणूस काय करेल? धावेल! हे म्हणाले, 'वाळू, तू लगेच येऊन सांगितलंस, छान केलंस. म्हणजे तुला असं वाटतंय, की पट्टा जळतोय?' वाळू म्हणाला, 'वाटत नाय साहेब, जळतोच हाय!' तोवर धूर दारापर्यंत. मग मात्र ह्यांनी अशी बोंब मारली, की म्हणे पार आमलीच्या चौकात रिक्षा थांबल्या. मशीन बंद झालं, कुणाला काही झालं नाही. ह्यांचाच हात थोडा भाजला, इथे, मनगटापाशी.

आणि हे मला कुणाकडून कळलं माहितीये? वाळूच्या बायकोकडून! भाजी घेताना! म्हणजे माझ्या नवऱ्याचा हात भाजला, आणि मला वांगी निवडताना कळतंय. मी घरी जाऊन असा आवाज चढवला! म्हटलं, तुम्ही मला सांगितलं का नाही? तर हे हळूच — तोच तो ट्रेनिंगचा आवाज — 'कावेरी, तू विचारलंस, बरं वाटलं. पण मी सांगायला बसलो होतो. दोनदा.' आता बसले असतील. आले तेव्हा 'आज मिलमध्ये' असं काहीतरी म्हणत होते. पण मला आधी सिलिंडरचं सांगायचं होतं, आणि मग माझ्या भाचीच्या, सोनालीच्या, साखरपुड्याचं निघालं, ते जरा लांबलं. तुम्हीच सांगा — नको, नका सांगू — बाईमाणसाने दिवसभरचं बोलायचं कधी? हात पट्टीत होता, मला दिसली नाही पट्टी. म्हणजे दिसली असेल, पण साखरपुडा मध्ये होता ना.

मग काय म्हणाले ते ऐका. म्हणाले, 'त्या बाईने ट्रेनिंगमध्ये विचारलं होतं, तुम्ही एवढे का ओरडता. सगळे म्हणाले, मशीनमुळे. मी पण तेच म्हणालो. पण मिलमध्ये मी दिवसभरात जेवढा ओरडतो ना, त्याहून जास्त मला घरी ओरडावं लागतं. नाहीतर माझी पाळीच येत नाही.' आणि पिशवी भरून गेले अथालला, भावाकडे, आमच्या योगेशभावजींकडे. भांडण नाही हो! भांडण असतं तर बरं. म्हणाले, 'थोडे दिवस शांतता.' शांतता! माझ्यासारखी बाई घरात असताना माणसाला शांतता बाहेर का शोधावी लागते? — ... हं? मान नका हलवू एवढी, ओघळ येतोय गळ्यावर.

मी कुणाला सांगितलेलं नाही हे. खालच्या बेनना फक्त, आणि वॅक्सिंगला आली होती त्या मुलीला. घर कसं झालंय माहितीये? मी बोलते, आणि आवाज भिंतीवर आपटून माझ्याकडेच परत येतो. काल मीच मला म्हटलं, 'म्हणजे तुला असं वाटतंय की ते यावेत?' आणि मीच म्हटलं, 'हो.' वेडी झालेय मी, त्या पुण्याच्या बाईने मला पण —

कोण आहे? लेडीज पार्लर आहे हो, पडदा सारू नका! ... अहो? तुम्ही? एवढ्या हळू हाक मारता, मला वाटलं पाणीवाला. हात कसा आहे? मलम लावलं का? योगेशभावजींकडे तेलकट खाऊन पित्त झालं असेल, मी म्हणतच होते, त्यांची बायको डाळीत पण —

...

हं.

बरं. ... मॅडम, बेसिन तिकडे आहे, चेहरा तुमचा तुम्हीच धुवा. टॉवेल खिळ्याला आहे. नाही, पाठमोऱ्या नका उभ्या राहू, जाच तिकडे, नळ मोठा सोडा.

बोला तुम्ही. नाही, मला काही सांगायचं नाहीये. बोला ना. मी ऐक—