बटणाला हात लावायचा न्हाय!

...अन् वर लोक इचारत्यात, अपडेट कशाला केलंस म्हणून! आता तुम्हाला सांगतो, अमरदीपला काय हौस हुती का? तेरमधी बेंजो पार्टी चालवणारा माणूस, पोट सगळं त्या कीबोर्डवर, अन् मी त्याच्या पार्टीतला ढोलवाला, म्हंजी माजंबी त्याच्यावरच! उद्या लोहाऱ्याला लगीन, अन् नवरीचा मामा अडून बसला, "कीबोर्डात हलगी वाजाया पायजे, न्हायतर दुसरी पार्टी बगतो." हलगी कुठनं आणायची? तर म्हणं अपडेटमधी येती. लावला पेनड्राइव्ह... अन् स्क्रीनवर आलं, मधी लाईट गेली तर मशीन कायमचं बंद पडंल!

कायमचं! लाईटीचा आमच्याकडं काय भरवसा? कटिंगच्या दुकानातनं इन्व्हर्टर उचलून आणला, वायरमनला हात जोडले, बायकूला, संघप्रियाला, भिंतीवरच्या बटणापाशी उभं केलं, "कुणीबी येऊ दे, बटणाला हात लावू द्यायचा न्हाय!" ती म्हणली, "लग्नात माज्याकडं एवढं बगितलं नव्हतं तुमी." पर उभी ऱ्हायली बिचारी. स्क्रीनवरची अपडेटची पट्टी सरकायली... थांबायली... परत सरकायली... अमरदीपला शिंक आली तर नाक दाबलं गड्यानं. शिंकेनं काय हुतंय? पर जीव घाबरा झाला की माणूस इचार करतो व्हय?

अन् तेवढ्यात शेजारी बोंब उठली, "सिदूआण्णा गेले!"

म्हातारं लई दिवसाचं अंथरुणाला खिळलेलं. त्यांच्या बायकूनं, सिताबाईनं, हंबरडा फोडला, गल्ली पळाली, संघप्रियाबी पळाली. अमरदीपनं काय करावं? शेजारधर्म म्हणतो ऊठ, मशीन म्हणतं बस! अन् पट्टी नखाएवढी ऱ्हायली हुती हो... नखाएवढी!

इतक्यात त्याची आई, जाईबाई, डोळं पुसत घरात. गल्लीत मयत झाली की बाजा बंद, हा आमचा रिवाज. "मुडद्या, शेजारी माणूस गेलं अन् तुजा बाजा चालू?"

"आये, आवाज तरी हाय का? बटणाला हात..."

"दिवं लुकलुकायलेत की!" अन् ओढली कीबोर्डची पिन.

संपलं! पिन परत लावली, बटणं दाबली, फुंकर मारली... स्क्रीन काळी ती काळीच. उद्याचं लगीन गेलं, पुढची गेली, अमरदीप कीबोर्डापाशीच बसून ऱ्हायला.

अन् तिकडं? सिताबाईनं तोंडात पाणी घातलं तर सिदूआण्णा उठून बसले! म्हणले, "गर्दी कशाला केली? च्या ठेवा." आता मयतीला जमलेली माणसं तशीच घरी जात्यात व्हय? समदी आली अमरदीपच्या ओट्यावर! "कवा झालं?" "सकाळी तर चांगलं वाजत हुतं." "शेवटाला काय आवाज दिला का?" सिताबाईनं तर चूल पेटली नसंल म्हणून भाकरी धाडल्या!

सगळ्यात शेवटाला काठी टेकत खुद्द सिदूआण्णा आत आले. अमरदीपच्या पाठीवरनं हात फिरवला, "माज्या वाटचं मरण घेतलं बाबा तुज्या बाजानं," अन् टेकायला म्हणून भिंतीवर हात ठेवला तर नेमका बटणावर! आमी समदी सवयीनं वरडलो, "बटणाला हात लावायचा न्हाय!"

अमरदीपनं मान वर केली न्हाय. म्हणला, "लावू द्या... आता कुणीबी लावा."