पत्रकातलं एकच कारण

(बेंगळुरूतलं शिवाजीनगर. सोयराबाई गारमेंट कारखान्यात शिलाई मशीनवर कोसळून गेल्या, त्याला बारा दिवस झालेत. नवरा रघुजी शोकसभेचं पत्रक लिहितोय. मुलगी हर्षिता मारतहळ्ळीहून आली आहे.)

हर्षिता : कारखान्यातून फोन आला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा काय विचारलंत, अण्णा?

रघुजी : तासाला किती पीसचं टार्गेट होतं.

हर्षिता : आई गेली हे ऐकल्यावर?

रघुजी : ऐकल्यावरच. तीस वर्षं युनियनमध्ये काढली. कुणी कामावर कोसळलं की आधी तेच विचारतो. तोंडातून गेलं.

हर्षिता : आणि आता पत्रकातही तेच. ‘सोयराबाईंचा बळी मालकाच्या टार्गेटनं घेतला.’

रघुजी : खोटं आहे? बाथरूमला जायला तिला टोकन मागावं लागायचं. ते मी ठेवलं नव्हतं.

हर्षिता : नाही. ते मालकाचंच. पण मागच्या वर्षी तेवीस दिवस संप होता, मशीन बंद होतं. तेव्हा आई किती वाजता उठायची?

रघुजी : चारला. मंडपात बसलेल्यांना जेवण पाठवायचं असायचं. अगं, घरातलं ते कामही शेवटी मालकाच्याच फायद्याचं. बाई फुकट रांधते, म्हणून त्याला कामगार स्वस्तात मिळतो. मी तिला समजावून सांगितलं होतं.

हर्षिता : ती काय म्हणाली?

रघुजी : म्हणाली, सरी, बरोबर आहे, पण जेवायला मालक येत नाही, तुम्ही येता.

हर्षिता : मग?

रघुजी : हसलो. म्हटलं, समाज बदलला की घरही बदलेल. तर म्हणे, तोवर चटणी कोण वाटणार?

हर्षिता : त्याचं उत्तर पत्रकात नाही.

रघुजी : तुम्हा स्त्रीमुक्तीवाल्यांचं सोपं आहे. पुरुषांवर ढकललं की झालं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या तुझ्या त्या संघटनेच्या मॅडमच्या घरी भांडी कोण घासतं? बाईच ना? तिला तिथं कोण राबवतं, पुरुष?

हर्षिता : ते मलाही टोचतं. पण मला एक सांगा, कारखान्यात आईच्या लाइनवर सगळ्या बायकाच का?

रघुजी : स्वस्त मिळतात.

हर्षिता : स्वस्त का?

रघुजी : घर नवऱ्याच्या पगारावर चालतं, हिची मिळकत वरखर्चाला, असं धरतात.

हर्षिता : कोण धरतं?

रघुजी : मालक. युनियनमध्ये आम्हीही धरलं. या घरात मीही.

हर्षिता : तेवढं लिहा. मालकाचं नाव खोडू नका, त्याच्याखाली हेही लिहा.

रघुजी : आणि उद्या त्याच्या वकिलानं तोच कागद दाखवला तर? म्हणेल, बघा, नवराच सांगतोय, घरच्या कामानं मेली.

हर्षिता : दाखवू दे. तिला दोन्हीकडे राबवलं, हे तिथंच सांगू. सभा कधी आहे?

रघुजी : परवा संध्याकाळी सहाला. नेहमीची वेळ.

हर्षिता : तिच्या लाइनवरच्या बायका येतील?

रघुजी : त्या वेळी त्यांना घरी स्वयंपाक असतो. सोयरानं दोनदा सांगितलं होतं, मीटिंग जेवणाच्या सुट्टीत घ्या म्हणून. मी म्हटलं, हा घरचा प्रश्न आहे, ठरावात बसत नाही.

हर्षिता : आता तरी विचारलंत त्यांना, कधी जमेल?

रघुजी : नाही. एकीचाही नंबर नाही माझ्याकडे. विचारायचं राहिलंय.